एंटर दाबणारा माणूस

तीर्थस्वरूप सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. (आशीर्वाद बसूनच दे, गुडघा जप.) भाऊजींना चहा जमायला लागला का?

ऑपरेशनला ये म्हटलं की तुला लॅब आठवते, तुझ्यावाचून काय ती बंद पडते, असं तू फोनवर फणकाऱ्याने विचारलंस. ताई, खरंच पडते. आमच्या रक्त तपासणीच्या लॅबचे सगळे रिपोर्ट ज्या सर्व्हरवर असतात, तो मागच्या खोलीत फडकी-बादलीच्या शेजारी असतो. वीज गेली की बंद पडतो, आली की उठतो आणि पडद्यावर यादी दाखवून थांबतो : नेहमीसारखं सुरू होऊ, की दुरुस्तीसाठी? कोणीतरी एंटर दाबेपर्यंत ढिम्म हलत नाही. तो कोणीतरी म्हणजे मी. (बाकीच्यांनी हात लावायचा नाही, असा साहेबांचा हुकूम आहे. माझ्याच सांगण्यावरून.)

तुझ्या बोलण्याने मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. उत्तर दर वेळी तेच, तर हा विचारतो कशाला? शोधाशोध केली. एरवी हा क्षणभर थांबून आपला आपण पुढे जातो म्हणे, पण वीज अचानक गेली की आपलं काहीतरी बिघडलं असं त्याला वाटतं आणि तो माणसाची वाट बघत बसतो. किती वेळ, तेही सेटिंगमध्ये होतं : कायम! मला भारी गंमत वाटली. तिथे मी पाच सेकंद केले आणि जेवणाच्या सुट्टीत, सगळे बाहेर गेल्यावर, प्लग उपटला. तो फ्रिजचा निघाला. (लगेच लावला. आतल्या कुणाच्या रक्ताला पत्ता लागला नाही.) मग खरा उपटला, परत लावला, आणि एंटरवर बोट धरून उभा राहिलो. यादी आली, गेली, सर्व्हर सुरू! इतका आनंद झाला की पुन्हा उपटून पाहिला. पुन्हा सुरू. मग मात्र जरा वाईट वाटलं, ताई. बोट तसंच राहिलं होतं.

तुझा,
धाकटा

ता. क. गुरुवारी येतोय. ऑपरेशनच्या वेळी बाहेर बाकावर मीच बसणार, भाऊजींना घाबरायला सोबत हवी. मधे वीज गेली तर काय, असं साहेबांनी विचारलं. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, बघतो काहीतरी.

आणखी एक. लॅबमधून तुमच्याकडे फोन आला, तर म्हण, तो इथूनच सांभाळतोय. आणि आलाच नाही, तर एकदा तरी, भाऊजींच्या देखत, खोटंच म्हण की येऊन गेला.