बाहेर ठेवलेल्या बाटल्या

शनिवार, संध्याकाळ. मनालीच्या वर, तंबूत.

स्कीवर आज तीनदा पडलो. त्याचं काही नाही, पहिल्यांदाच आलो, पडणारच. बाटलीचं मात्र डोक्यातून जात नाही.

काल झोपताना माझी अन् लेकीची, सुनंदाची, दोन्ही पाण्याच्या बाटल्या मी तंबूबाहेर ठेवल्या. पिंप्राळ्याला जन्मभर तेच केलं, दिवस मावळला की पाणी गार व्हायला बाहेर. सकाळी पाहतो तर दोन्हींचा दगड. स्की शिकवणाऱ्या मास्तरनं बजावलं होतं, बाटली पांघरुणात घेऊन झोपा. तो माझ्या लेकीवरच तापला. "ऐकत नाही ना, मग उद्या वरच्या मैदानावर यायचं नाही."

"चूक झाली, सर," ती म्हणाली. माझं नाव नाही घेतलं. अन् मी? बुटाची नाडी बांधत बसलो. बांधलेलीच होती नाडी.

या मैदानासाठी वर्षभर जिने चढली पोरगी. जावयाला रजा नाही म्हणून मला आणलं. बाटली मी ठेवली, एवढं सांगायला मला दुपार का व्हावी लागली?

जेवताना सांगून टाकलं. मास्तर म्हणाला, "मग तुम्ही खाली थांबा, काका. त्यांना नेतो."

सुनंदा हळूच म्हणाली, "आबा, घरी तर कधी चूक कबूल केली नाही तुम्ही."

"घरी होत नाही माझी."

हसली. उद्या नीट घसरावी म्हणून स्कीला मेण घासायला बसली. दुसऱ्या पायाची स्की मी ओढून घेतली.