उपाशीपोटी दही-साखर

सोमवार, संध्याकाळ

आज उपाशीपोटी साखर तपासायची होती. गरोदरपणात माझी साखर वाढली होती. आता बाळ तीन महिन्यांचं झालं, पण माझं वजन उतरायचं नाव घेत नाही. रोहिणखेडहून आईने पाठवलेले डिंकाच्या लाडवांचे दोन डबे मीच संपवले, दोष कुणाला देऊ? सकाळपासून धाकधूक, ही साखर आता जन्माची चिकटते की काय. चहासुद्धा घेतला नाही. आणि निघताना उंबरठ्यावर सासूबाई वाटी घेऊन उभ्या! "चांगल्या कामाले जाऊन राह्यली, हातावर दही-साखर घे." मी घेतली. चाटलीही. का? सवय!

दवाखान्यात सिस्टरांनी विचारलं, "काही खाल्लं का?"

"काहीच नाही. फक्त दही-साखर."

त्यांनी सुई खाली ठेवून कपाळाला हात लावला.

बाळाला घेऊन सासूबाई सोबत होत्या. त्यांचा सोमवारचा उपवास, सकाळपासून नुसत्या पाण्यावर. सिस्टर म्हणाल्या, "मंग आजी, तुमचीच पाहू."

"मले काय धाड भरली?" म्हणत त्यांनी बोट पुढे केलं. आकडा दोनशेच्या वर निघाला; सिस्टरांनी दुसऱ्या बोटातून पुन्हा पाहिला, तरी तोच. रिक्षात मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. मी माझ्या साखरेची काळजी करत होते, आणि वाढलेली निघाली वाटी घेऊन उभ्या राहिलेल्या बाईची!

उद्या दोघींनाही उपाशीपोटी बोलावलंय. आत्ताच सासूबाई दारात येऊन हळूच विचारून गेल्या, "काय व, उद्या निघतानी नुसतं दही चालन का?"