डेल्फिनाचं वजन

३ फेब्रुवारी
आज आरोग्यकेंद्रात नर्स ओदिलियाबाईने माझी अब्रू काढली. डेल्फिनाला काट्याच्या झोळीत टांगलं — तेरा महिन्यांची पोर, सात किलोसुद्धा भरली नाही. सगळ्या बायांसमोर म्हणते, "पेत्रोना, तुझ्या कोंबड्या हिच्यापेक्षा बऱ्या दिसतात. त्यांना काय घालतेस ते हिलाही घाल." बाया हसल्या. शेजारची कांदेलारिया सगळ्यात मोठ्याने. मग फुकटच्या सरकारी पिठाची पिशवी माझ्या हातात कोंबली — "चल, पुढची."
विसरणार नाही मी.

४ फेब्रुवारी
आजपासून अंडी वेवेतेनांगोच्या बाजारात जाणार नाहीत. एक डेल्फिनाला, एक मला — अजून अंगावर पिते ती. सासूबाई म्हणाल्या, "अंडी आपणच खाल्ली तर मीठ-साबण कशावर आणायचं?"
म्हटलं, "अळणी जेवेन."
त्या बाईच्या नाकावर टिच्चून पोरगी जाड करून दाखवीन.

२० फेब्रुवारी
घेवड्याचं नुसतं पाणी बंद. दाणे कुस्करून देते. केंद्रातल्या पिठाची पेजही घट्ट करते, चमचा उभा राहील अशी. डेल्फिना तोंड फिरवते. मग मला ओदिलियाचं तोंड आठवतं, आणि मी पुन्हा भरवते.

७ एप्रिल
काटा मी स्वतः वाचला. सात किलो नऊशे! वाकून वहीत पाहिलं तर बाईने लिहिलेलं — सात तीनशे.
"बाई, चुकलं तुमचं."
मान वर न करता म्हणाली, "तुला काट्यातलं काय कळतं? पिशवी घे आणि गप घरी जा."
दोन महिन्यांची माझी मेहनत एका पेनाने खाल्ली. कांदेलारियाच्या जुळ्यांचंही कमीच लिहिलं. आम्ही आया नालायक, हेच तिला वर दाखवायचंय.

८ एप्रिल
तालुक्याच्या कचेरीत जाऊन कागद दिला. खरं वजन, खोटं वजन, सगळं लिहून. म्हटलं, माझं नाव फुटू देऊ नका.

२९ एप्रिल
ओदिलियाबाईला काढलं. बसची वाट बघत दोन बोचकी घेऊन बसली होती. डेल्फिनाला कडेवर घेऊन मी मुद्दाम समोरून गेले.
म्हणाली, "बरी दिसते आता. अंडं बंद करू नकोस."
मी तशीच पुढे निघाले. घरी येऊन किती दिवसांनी पोटभर जेवले.

६ मे
नवा माणूस आला. एकेक मूल दोनदा तोललं, खरं तेच लिहिलं. मग म्हणाला, "पीठ फक्त वजनाच्या तक्त्यावर लाल रेघेखाली असलेल्या मुलांना आणि त्यांच्या आयांना. रेघ ओलांडली की नाव कमी."
अकरा नावं गेली. सगळी रेघेच्या जेमतेम वर. पहिलं डेल्फिनाचं. कांदेलारियाची जुळीही.
वाटेत ती रडत होती. "कुणी गं सांगितलं असेल वर?"
म्हटलं, "कोण जाणे."