गेट चौदावरचा तोल

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.२०
बातमी पक्की. ड्यूटी मॅनेजरांनी बैठकीत स्वतःच सांगितली. आजपासून पंधरा दिवस गेट चौदाच्या विमानांची लोडशीटं चारशे किलोमीटरवरच्या केंद्रातून येणार. मी फक्त ती राबवायची. पंधरा दिवसांनी ठरणार, गेटवर विमान सोडणारा डिस्पॅचर ठेवायचा की नाही. डिस्पॅचर म्हणजे मी. एकवीस वर्षं.

घाबरण्याचं कारण नाही. उलट संधी आहे.

३ मार्च. रात्री
बायकोने विचारलं, लोडशीट म्हणजे नक्की काय हो? (लग्नाला अठरा वर्षं झाली.) सांगितलं: विमानाच्या पोटात सामान कुठे, माणसं कुठे, मग तोल कुठे, त्याचा हिशेब. नाक जड झालं किंवा शेपूट जड झालं तर पंचाईत. मला तो नुसत्या नजरेने कळतो. पुढच्या चाकाच्या दांड्याची चमक किती बोटं दिसते ते पाहायचं. चार बोटं, ठीक. सहा बोटं, शेपूट जड. ती म्हणाली, आमटीत मीठ किती पडलं ते जिभेवर ठेवूनही सांगता येत नाही, आणि विमानाचं वजन लांबून कळतं म्हणे.

संकल्प: पंधरा दिवस डोकं थंड.

५ मार्च
केंद्रात एक मुलगी आहे. मी तिला केंद्रबाई म्हणतो. एका वेळी सहा विमानं सांभाळते, तीही खुर्चीत बसून. मला सर म्हणते. गोड बोलण्याला आपण फसत नाही.

मी माझं लोडशीट हाताने वेगळं करून बघितलं. आकडे तंतोतंत तिचेच आले. तिचं अकरा मिनिटं आधी तयार होतं. माझ्या पेन्सिलीला टोक नव्हतं.

८ मार्च
टॅबलेट दिलाय. केंद्राने काही बदललं की तो पिंग करतो. सारखा करतो. आवाज बंद करून पिशवीत टाकला. मी सकाळच्या सूचना छापून खिशात ठेवतो. कागद पिंग करत नाही.

लोडरांचा मुकादम म्हणाला, दादा, जरा त्या डब्यात बघत जा, ती बाई आता मलाच फोन करायला लागलीय. म्हटलं, तू सामान बघ. तो म्हणाला, सामानच बघतोय, म्हणून तर सांगतोय.

मुकादम चांगला माणूस आहे. दूरदृष्टी नाही.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी ४.०५
आज सिद्ध होणार. व्हॉलीबॉलचे बत्तीस खेळाडू, एकेक सहा फुटी, सगळे मागच्या रांगांत. सामानही मागच्या होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटातल्या मागच्या कप्प्यात. दांडा पाहिला. सहा बोटं! केंद्राला दिसणार आहे का हे?

४.१२
मुकादमाला सांगितलं, चाळीस बॅगा पुढच्या होल्डमध्ये घे. तो म्हणाला, केंद्राला कळवलंत? म्हटलं, कळवतो. (विमान सुटल्यावर कळवायचं ठरवलंय. पुराव्यासकट.)

४.३१
दारं बंद. आता किती बोटं ते बघायला वाकलो नाही. खात्री होती.

४.३४
विमान मागे ढकलणारा ट्रॅक्टर थांबला. कॅप्टनने थांबवला. केंद्राने त्याला रेडिओवर सांगितलं, हलू नका.

४.४०
मुकादम धावत आला. बॅगा स्कॅन झाल्या तेव्हा केंद्राच्या पडद्यावर लाल आलं. त्या बाईलाही शेपूट जड दिसलं होतं. चार वाजून आठ मिनिटांनी तिने विमानातल्या कर्मचाऱ्यांना सांगून खेळाडूंना पुढे बसवलं. टॅबलेटवर मलाही सूचना आली होती. पिशवीत.

म्हणजे माणसं पुढे, बॅगाही पुढे.

मुकादम वाकून बघून आला. म्हणाला, दादा, दीड बोट.

बत्तीस खेळाडू काचेतून माझ्याकडे बघतायत.

५.१५
बॅगा परत मागे. विमान गेलं. एक्केचाळीस मिनिटं उशीर.

१४ मार्च
चौकशी. मॅनेजरांनी विचारलं, तुम्ही हे तिला का सांगितलं नाहीत? म्हटलं, तिनेही मला सांगितलं नाही. त्यांनी टॅबलेट टेबलावर ठेवला. न वाचलेल्या सूचना एकशे सदुसष्ट. मग म्हणाले, कॅप्टन थांबला नसता तर? मी पाणी मागितलं.

तांत्रिकदृष्ट्या आम्ही दोघंही बरोबर होतो. हे रिपोर्टमध्ये यायला हवं.

केंद्रबाईचा फोन आला. ओरडेल वाटलं होतं. म्हणाली, सर, तुमची नजर बरोबरच होती, फक्त मला सांगायचं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. रात्री जेवलो नाही.

१७ मार्च, सोमवार. संध्याकाळी
पत्र आलं. गेट चौदाची जागा बंद. मला केंद्रात बोलावलंय, सहा आठवडे. शेवटी त्यांना अनुभवी माणसाची गरज पटली. बायकोला वाचून दाखवलं. तिने पत्र हातात घेऊन पुन्हा वाचलं आणि म्हणाली, अहो, नावापुढे प्रशिक्षणार्थी लिहिलंय.

मॅनेजरांना फोन केला. त्यांनी दुजोरा दिला. केंद्राच्या हॉलला खिडक्या नाहीत, हेही सांगितलं.

येत्या सोमवारी सकाळी नऊला हजर व्हायचं. शिकवणार केंद्रबाई. शुक्रवारी पहिली चाचणी, पेपर तीच काढणार. अभ्यासाचं प्रकरण आजच पाठवलंय: ‘एकाच चुकीची दोन ठिकाणी दुरुस्ती. उदाहरण, गेट चौदा.’