पाटीवरची रेघ

२१ जुलै २०२४, रविवार

हरलो. उघडली आज ती पाटी!

महिनाभर टीव्हीखाली पडून होती. हात लावणार नाही अशी शपथच घेतली होती मी. पण बाहेर धो धो, पेपर भिजून लगदा, आणि कपाट रिकामं. माणसाने वाचायचं काय — कुकरची माहितीपुस्तिका? तीही वाचून झाली.

काय झालं ते एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. जूनमध्ये तन्वी बंगळुरूहून आली होती. मी कारखान्यात असताना लेकीने हॉलमधलं माझं पुस्तकांचं कपाट उघडलं. सिल्वासाची ही दमट हवा — बुरशी होती, खालच्या खणांत वाळवीही होती, सगळं मान्य. पण म्हणून सगळीच्या सगळी रद्दीवाल्याला? एक शब्द न विचारता? संध्याकाळी घरी आलो तर पुस्तकं वाचायची ही इलेक्ट्रॉनिक पाटी माझ्या हातात दिली. 'बाबा, यात तुमचं अख्खं कपाट मावतं. वाळवी लागणार नाही.' मी भडकलो. 'माझ्या घरातल्या वस्तूला हात लावायचा तुला अधिकार नाही,' म्हणालो. 'तुमच्या घरातल्या? बरं,' म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच वापीला जाऊन गाडी पकडली.

तेव्हापासून तिचा फोन येतो तो तिच्या आईला, विद्याला. मला नाही. मीही करत नाही. बापाने आधी करायचा? का म्हणून?

असो. पाटी हलकी आहे, एवढं कबूल करतो.

२३ जुलै

अक्षर मोठं होतं!! बोटाने दाबलं की मोठं, आणखी दाबलं की आणखी मोठं. चष्म्याशिवाय वाचलं — कितीतरी वर्षांनी! विद्या मागून डोकावली. 'पाटीच आहे ती खरी. बाराखडीएवढी अक्षरं!' म्हणाली आणि हसत आत गेली. हसू दे. ज्याचे डोळे जातात त्यालाच कळतं.

२६ जुलै

आज पाटी कारखान्याच्या गाडीत नेली. गलोंड्याच्या कारखान्यापर्यंतच्या खड्ड्यांत कागदाचं पुस्तक कधी वाचता आलं नाही, ओळीच नाचायच्या. हिच्यावर चार शब्दांची ओळ केली तरी चालते. एका हातात पाटी, दुसऱ्या हाताने वरची कडी धरलेली. पान उलटायला अंगठा पुरतो.

पण एका खड्ड्यात ती निसटली आणि माझा बूट तिच्यावर! ड्रायव्हर नवनाथने आरशातून पाहिलं. साक्रीकडचा आहे तो. 'साहेब, पाय लागना ना तिले. पाया पडी ल्या,' म्हणाला.

आता पंचाईत. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायचा, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. पण हे पुस्तक आहे की यंत्र? शंभर पुस्तकं आत आहेत म्हणजे शंभरदा करायचा? एकदाच केला. नवनाथचं समाधान झालं. खरं सांगायचं तर माझंही झालं.

२८ जुलै, रविवार

नुसतं कौतुक नको. तोटेही लिहू.

हिने डास मारता येत नाही. जाड कादंबरीने भिंतीवरचा डास एका फटक्यात जायचा! विद्याची वेगळी तक्रार: लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर दडपायला आता घरात एकही जाड पुस्तक उरलं नाही. पहिल्या पानावर नाव-गाव-तारीख लिहिता येत नाही. शेजाऱ्याला वाचायला देता येत नाही (आणि त्याने परत केलं नाही म्हणून वर्षभर कुढताही येत नाही — हा फायद्यात धरावा का?). काही पुस्तकांत जोडाक्षरं फुटतात. काल 'स्त्री'चे तीन तुकडे झाले होते. आणि मुख्य म्हणजे उजव्या हातातली पानं कमी होताना जाणवत नाहीत. गोष्ट संपत आली हे हाताला कळायला हवं. ही नुसते टक्के सांगते. परीक्षेला बसल्यासारखं वाटतं!

तरीही — दुपारी उताणा पडून वाचताना झोप लागली आणि पाटी नाकावर पडली. लागलं नाही. पूर्वीचा जाड ग्रंथ असता तर नाक सुजलं असतं.

विद्या म्हणाली, 'कपाट आता रिकामंच आहे. हलवू या का? मागे खिडकी आहे.' म्हटलं, 'राहू दे. कधीतरी पुन्हा पुस्तकं घेईन.' 'बरं,' म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली. तन्वीचा जुना फोन आता तिच्याकडे असतो. मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवते. रेसिपी बघते म्हणे.

२ ऑगस्ट

दादरा-नगर हवेलीचा मुक्तिदिन. कारखान्याला सुट्टी. तन्वीने भरून ठेवलेल्यांतली एक जाडी कादंबरी सुरू केली — 'जाडी' आता नुसतं म्हणायचं. बंदरावर खानावळ चालवणाऱ्या बाईची गोष्ट. काय लिहिलंय! जेवणाची वेळ झाली तरी उठवेना.

५ ऑगस्ट

पाटीत भूत आहे!

काल बाईची सासू आजारी होती. आज उघडतो तर सासूचं तेरावंही उरकलेलं! मधली पानं मी वाचलेलीच नाहीत. पाटी उघडताना इंग्रजीत बारीक अक्षरांत काहीतरी विचारते, मी 'हो' दाबतो. चष्मा नको म्हणून तर ही पाटी, आता ते बारीक वाचायला चष्मा शोधू?

विद्याला विचारलं, 'माझी पाटी तू घेतली होतीस?' 'तुमच्या पाटीला मी बोटही लावलेलं नाही. आणि मला वाचायला वेळ कुठे मिळतो?' हेही खरंच.

८ ऑगस्ट

उलगडा झाला. अजून धड बसायला सुचत नाहीये.

डब्याच्या वेळी आमच्या मेन्टेनन्सच्या केदारला पाटी दाखवली. त्याने ते बारीक वाचलं आणि म्हणाला, 'सर, हे विचारतंय — तन्वीच्या फोनवर तुम्ही इथपर्यंत वाचलंय, तिथे नेऊ का? तन्वी कोण?'

'मुलगी.'

'मग सोपं आहे. पाटी त्यांच्याच खात्यावर आहे. त्या फोनवर हेच पुस्तक वाचतायत. तुमच्या पुढे आहेत सर!'

डबा तसाच राहिला. केदारला वाटलं मला ऊन लागलं. ऑगस्टात!

९ ऑगस्ट

माझ्याशी बोलत नाही. पण माझ्याबरोबर वाचते आहे.

११ ऑगस्ट, रविवार

आता 'नाही' दाबायला शिकलो. म्हणजे मी माझ्या जागी राहतो आणि ती कुठवर गेली तेही कळतं. दिवसभर सारखं बघतो. सकाळी ती जरा पुढे जाते, दुपारी बरीच. ऑफिसात वाचते की काय? बॉसला कळलं तर! लहानपणीही अशीच, जेवताना ताटाशेजारी पुस्तक. रागवायचो मी. आणि मनातून सुखावायचो.

कागदाच्या पुस्तकात हे झालं असतं का? दोन गावांतली दोन माणसं एका पानावर? हे यंत्र करणाऱ्याच्या तोंडात साखर पडो.

आज गवार करपली. विद्याला म्हटलं, 'लक्ष कुठे होतं?' 'रेसिपीत,' म्हणाली. रेसिपी बघून करपवली!

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून आलो, पाटी उघडली — आणि एका वाक्याखाली रेघ! मी मारलेली नाही. तिने मारली आहे. इकडे दिसते!

खानावळवाली म्हणते: 'घर बांधताना सगळ्यांनी सगळं ठरवलं. खिडकी कुठे हवी, ते मला कुणी विचारलं नाही.'

'माझ्या घरातल्या' म्हणालो होतो ना मी. तेच टोचलंय पोरीला. सरळ सांगितलं नाही, रेघ मारून सांगितलं. वाक्य चांगलंच आहे. वाईट वाटलं, पण वाक्य चांगलं आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

उत्तर दिलं! दोन दिवस योग्य वाक्य शोधत होतो. शेवटी सापडलं. खानावळवालीचा नवरा पहिल्यांदाच तिच्यासमोर बसतो तिथे: 'तू बोल. मी ऐकतो, तो म्हणाला. एवढं म्हणायला त्याला अर्धं आयुष्य लागलं होतं.' रेघ पहिल्यांदा भलत्याच ओळीखाली गेली. ती ओळ माशांच्या भावाची होती. पुसता येते हे बरं आहे — पेनाने मारलेली पुसता आली नसती.

२० ऑगस्ट

उत्तराला उत्तर! 'ऐकणाऱ्याने आधी जवळ येऊन बसावं.'

म्हणजे काय? बंगळुरूला जाऊ? की फोन करू? विचार करतो.

आज घरात चैन होती. विद्याने न सांगता कुळथाचे शेंगोळे केले. नाशिक सोडल्यापासून विसरलीच होती ती शेंगोळे. वर लसणाचा ठेचा. गुणगुणत होती. ठेवणीतली निळी साडी नेसली होती. 'कुठे जायचंय?' म्हटलं. 'कुठे नाही,' म्हणाली. पोटभर जेवलो.

२७ ऑगस्ट

कारखान्यात ऑडिट. वाचन नाही, लिहिणं नाही. विद्याला बारीक ताप.

३० ऑगस्ट

तन्वी थांबली आहे.

चार दिवस झाले, तिच्या फोनवरचं पान जिथल्या तिथे. बाईची खानावळ जप्त व्हायच्या बेतात आहे — अशा जागी कुणी पुस्तक सोडतं? काय झालं असेल? की मी जवळ जाऊन बसलो नाही म्हणून रुसली?

विद्याचा ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणाले, सगळीकडे साथ आहे, विश्रांती हवी. खिचडी मी केली. मीठ जास्त पडलं. तरी सगळी खाल्ली तिने. मग बराच वेळ तिच्याजवळ बसलो, पाटी मिटून. 'वाचा ना तुम्ही,' म्हणाली. म्हटलं, 'नको. तू पडून राहा.' माझा हात धरून झोपली.

१ सप्टेंबर, रविवार

अजून तिथेच. एक टक्काही हलली नाही.

मीही पुढे जात नाही. तिला सोडून पुढे कसा जाऊ? पाटीचा हा मोठा तोटा आज कळला: माणूस कुठे थांबलं ते सांगते, का थांबलं ते सांगत नाही. तिथे एकटी राहते. आजारी असेल तर पाणी कोण देणार?

गेला खड्ड्यात मान. उद्या मीच फोन करणार.

२ सप्टेंबर

केला. हॉलमधूनच. पहिल्याच घंटेला उचलला. 'बाबा?'

'बरी आहेस ना? वाचायचं का थांबलीस?'

'काय वाचायचं?'

'ती खानावळीची कादंबरी! तुझ्या फोनवर. रेघा मारतेस ती!'

'बाबा, मी ती उघडलीसुद्धा नाही. मला वेळ कुठे असतो! माझा फोन… अहो, तो जुना फोन असेल. माझंच नाव राहिलंय त्याच्यावर. तो आईकडे आहे ना?'

मग ती रडली, मीही. गणपतीला येते म्हणाली. पुस्तकांचं सॉरी म्हणाली. मी म्हटलं, घर तुझंही आहे. सगळं झालं. पण मी बोलत होतो तिच्याशी आणि बघत होतो मसाल्याच्या डब्याकडे.

'मी ऐकतो' ही रेघ मी लेकीसाठी मारली होती. हे विद्याला सांगणार नाही. कधीच नाही.

३ सप्टेंबर

सकाळी नवनाथला वर बोलावलं. दोघांनी मिळून कपाट हलवलं. मागची खिडकी गंजली होती, तेल घालून उघडली. आवाजाने विद्या शाल गुंडाळून बाहेर आली. ताप उतरला होता. खिडकीशी जाऊन बसली. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो.

'हे कसं सुचलं तुम्हाला?'

'वाचलं कुठेतरी,' म्हटलं.