बूट संध्याकाळीच घ्या

अहो,

सकाळी दारात बूट चढवताना ‘आता बोटं काय खिशात घालून पळू?’ असं पुटपुटलात, ते मी आतून ऐकलं. लेकीने हौसेने आणलेले बूट लहान होतात, हे तिला कळू नये म्हणून दर रविवारी तिच्याबरोबर पळायला जायचं टाळता आणि गुडघ्याच्या नावाने खडे फोडता. गुडघा बिचारा धडधाकट आहे.

मी शिवणाच्या क्लासला निघाले. बुटांच्या दुकानात संध्याकाळीच जा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. रोजचे मोजे घालून दोन्ही बूट घालून बघा. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, टाच निसटायला नको आणि तळव्याच्या खोलगट भागाला आधार लागला पाहिजे. आठ नंबर आपल्या लग्नातला होता, तो आता विसरा. दुकानातच चार फेऱ्या मारा, लोक बघतात तर बघू देत.

आणि रागावू नका, पण मघाशी फोनवर मी लेकीला खरं काय ते सांगून टाकलं. ती हसत, नाक ओढत म्हणाली, ‘अगं आई, मला वाटायचं, बाबांना माझ्याबरोबर पळायचंच नाहीये.’