ईराच्या दोन दाढा

महाड,
मंगळवार

तीर्थस्वरूप उज्वलाताईस,

कमलाकरचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? पोलादपूरच्या बाजारात जाताना तो दुखतो आणि आंबावड्या थापायला बसलीस की थांबतो, असं कानावर आलं. असे समजूतदार गुडघे सगळ्यांना मिळोत. (फोनच करणार होतो, पण आमच्याकडे माझा फोन घरभर ऐकला जातो.)

माझी नात ईरा हिच्या हृदयाला जन्मापासून भोक आहे, हे तुला माहीत आहेच. मागच्या आठवड्यात तिला ऑपरेशनसाठी मुंबईला नेलं. मुलगा मुकुल, सूनबाई चारुशीला आणि सल्ला द्यायला मी. डॉक्टरांनी छाती तपासली, मग ‘आ कर’ म्हणाले आणि ऑपरेशनच पुढे ढकललं. एका भोकासाठी गेलो होतो, तोंडातली आणखी दोन पदरात घेऊन परतलो. किडक्या दाढांतले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जातात म्हणे, तेव्हा आधी दाढा काढायच्या. परतीच्या वाटेवर मला पाणीही गोड लागेना.

इथले दातांचे डॉक्टर म्हणाले, दाढेला हात लावण्याआधी कोणतं औषध द्यायचं ते हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून आणा. हृदयाचे म्हणाले, दातवाल्यांनी काय करणार ते आधी लिहावं. दोघांचंही बरोबर. आम्ही मधले पोस्टमन.

हे सारं होईपर्यंत घरात तज्ज्ञांची वाण नव्हती. दासगावहून कामाला येणाऱ्या चंद्राबाई वर्षभर सांगत होत्या, “दुधाचं दात हायत गो, पडतील आपसूक. त्यात काय नाय.” (मीही मान डोलवत होतो, पण ते केवळ भिडेखातर.) शिवाय पोर आजारी म्हटल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या मायेला पूर येतो आणि ती माया नेमकी साखरेची असते. कोणी काकडी आणली नाही. आणि ह्या सगळ्यांत, ताई, तुझा पहिला नंबर. दर भेटीला डबाभर वड्या! वयाने मोठी आहेस म्हणून जास्त बोलत नाही. एवढंच म्हणतो की तुझ्या प्रेमापुढे दाढांचं काही चाललं नाही.

शेवटी दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जमल्या; दाढा गुरुवारी काढणार आहेत. भावजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा भाऊ,
कमलाकर

ता. क. – चारुशीलाचा फोन येईल. ती रागावली तर ऐकून घे. काही नाकारू नकोस.

ता. क. २ – आता खरं लिहितो. ईराला इतर मुलांबरोबर पळता येत नाही. दुपारी ती ओट्यावर बसून त्यांचा खेळ बघते, ते मला बघवत नाही, म्हणून रोज दोन पेपरमिंट माझ्या खिशातून जायची. दातांच्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, रोज गोड कोण देतं? तिने माझ्याकडे पाहिलं आणि तुझं नाव सांगितलं. मी गप्प बसलो. ताई, मला फार लाज वाटते. सहा वर्षांची आहे, छातीत भोक आहे, आणि सांभाळून मला घेते.